एका सडाचं दूध

आमच्या मालकांच्या नजरेवर देवणी तालुक्यातली माणसं डोळे झाकून चालायची. खोंडाच्या पाठीवर हात ठेवून सिद्रामप्पा ‘ठेवा’ म्हणले की ते खोंड वळू व्हायचं, ‘न्हाई’ म्हणले की त्याचा बैल व्हायचा. उदगीरहून माणसं यायची, तिकडं कंधारहून जीप करून यायची. मालक दोन शब्द बोलायचे आन् मी चाळीस कप च्या करायची. नाव त्यांचं, चूल माझी.

त्यांच्यापाशी ना टेप ना तराजू. खोंडाभवती तीन चकरा मारायचे. वशिंड बघायचे, गळ्याखालची पोळी हातात धरून बघायचे, कानामागची कातडी चिमटीत घ्यायचे. मग त्याला नांगरटीत पळवायचे आन् थांबला की त्याच्या नाकापाशी कान नेऊन उभे राहायचे. शेवटी दुसऱ्या बैलाच्या वासावर ते डुरकतंय कसं ते ऐकायचे. म्हणायचे, “जनावर खोटं बोलत न्हाई. माणूस कापडं घालतंय, जनावर काय घालतंय? आत बळ असलं तरच ते अंगावर दिसतंय.”

“आन् माणसं?” मी म्हणायची. “माणसं वळखाय आली असती तर मला करून आणलं असतं व्हय?”

ते हसायचे. पन्नाशी उलटली लग्नाला, पण ह्या एका बोलण्यावर ते दरवेळी हसायचे. आता मी ते बोलत न्हाई.

आमच्या घरात वळू एकच. दोन वळू एका दावणीला बांधले तर दावण ऱ्हात न्हाई आन् गोठाबी ऱ्हात न्हाई. त्या एका वळूकडं आजूबाजूच्या तीन गावच्या गायी येतात. जुना म्हातारा झाला की नवा निवडायचा, आन् जो निवडला न्हाई त्याला डॉक्टर बोलावून चिमटा लावायचा. चिमटा लागला की तो बैल. कामाला येतो, पण त्याचा वंश तिथंच थांबतो. हे मी मुद्दाम सांगून राहिले, कारण पुढं जे झालं ते ह्याच चिमट्यापाशी झालं.

गायी आमच्याकडं दोन. एक चंद्री, ती मालकांच्या आज्ज्यापासूनच्या गायीची औलाद. दुसरी काशी, ती माझी. माझ्या बापानं लग्नात आंदण म्हणून तिकडं कर्नाटकातल्या कमालनगरहून गाय चालवत आणली व्हती, काशी तिची पाचवी पिढी. बाईला माहेरचं कुत्रंबी प्यारं असतंय, ही तर गाय.

पण पन्नास वर्सांत माझ्या गायीचा एकबी खोंड वळू झाला न्हाई. दरवेळी मालक तीन चकरा मारायचे, माझ्याकडं बघून जरा थांबायचे आन् म्हणायचे, “ह्याचा बैल करू.” पोळ्याला गावात पुढं चालायचा तो चंद्रीच्याच घराण्यातला. सासू म्हणायची, “कमालनगरचं ते. शिंगं तेवढी देवणी जातीची.” सासू गेली, पण तिचं बोलणं गोठ्यात तसंच ऱ्हायलं. मालकबी कधीमधी चेष्टेत बोलायचे. चेष्टा व्हती, मला कळत व्हतं. तरी पोटात जळायचं. मला एकदा, एकदाच, पोळ्याला लोकांनी ‘रत्नम्माच्या काशीचा’ म्हणलेलं ऐकायचं व्हतं.

मग एका दिवाळीला दोघी गायी आठ दिवसांच्या अंतरानं व्याल्या. दोघींनाबी खोंडंच झाली. काशीचं काळ्या तोंडाचं, त्याचं नाव मी शंभू ठेवलं. चंद्रीचं पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं. असल्या रंगाला आमच्यात शेवरा म्हणतात, म्हणून ते शेवऱ्या. चंद्री तवा लई म्हातारी झाली व्हती. तिच्या आधीच्या दोन खोंडांचे बैल झाले व्हते आन् कालवड तिला कधी झालीच न्हाई. हे तिचं शेवटचं. तिच्या घराण्याचं जे काय उरलं व्हतं ते ह्या एका वासरात व्हतं.

आमच्या घरचा एक नेम व्हता. चार सडांतले दोन घराला, दोन वासराला. वासराच्या वाट्याच्या सडाला घरातल्या कुणी हात लावायचा न्हाई. धारा मीच काढायची. मालक तवा देवघरात असायचे. तळहातावर इष्टलिंग घेऊन, कपाळाला विभूती लावून, डोळे मिटून. अर्धा तास त्यांना जगाची खबर नसायची.

त्या अर्ध्या तासात मी काय केलं ते सांगते. मी शेवऱ्याला चंद्रीच्या तोंडापुढं बांधायची. आपलं वासरू पुढं दिसलं, चाटाय मिळालं की गाय पान्हा सोडते. ती त्याला चाटत असायची आन् मागून मी शंभूला तिच्या सडाला लावायची. शंभू आधी आपल्या आईचे दोन सड पिऊन आलेला असायचा, मग हिचे प्यायचा. त्याचं पोट भरलं की मी शेवऱ्याला सोडायची. एखाद्या सडात उरलं असलं तर ते त्याचं. ते ढुशा देऊन देऊन पिळायचं. मग माझ्याकडं बघायचं.

पहिल्या दिवशी मी दोनदा देवघराकडं वळून बघितलं. महिन्याभरानं वळून बघायचं सोडलं. मी सहा महिने हे केलं. शेवऱ्या हंबरला की मी त्याला म्हणायची, “तुझं घराणं लई मिरवलं. आता आमचं बघ.” वासराशी बोलायची मी असं. कुणाशी भांडत व्हते कुणास ठाऊक. सासू तर मसणात व्हती.

माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, असं अख्खं गाव म्हणतंय. हा तीळ मात्र मी दाबून ठेवला.

दीड वर्सात शंभू असा झाला की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. वशिंड घागरीएवढं, गळ्याची पोळी गुडघ्यापर्यंत लोंबायची, आन् डुरकला की शेजारच्या शांतम्माच्या पत्र्याला आवाज लागायचा. शेवऱ्या त्याच्यापुढं धाकट्या भावासारखा दिसायचा. हाडं बरी व्हती, पण अंग भरलेलं न्हाई. वशिंड बेताचं, आवाज पातळ. तवर चंद्री मेली. म्हातारपणानंच मेली, पण मला त्या दिवशी जेवण गेलं न्हाई.

जुना वळू थकला व्हता, म्हणून पाडवा झाल्यावर मालकांनी नवा निवडायचं ठरवलं. देवणीच्या डॉक्टरांना सकाळी दहाचं बोलावलं. आमची नात सृष्टी त्या आठवड्यात घरी आली व्हती. आमच्या पोराची, उमाशंकरची पोरगी, जनावरांचीच डॉक्टरकी शिकते. तिला आज्ज्याची पारख डोळ्यांनी बघायची व्हती.

मालकांनी शंभूभवती तीन चकरा मारल्या. मग शेवऱ्याभवती. मग दोघांना नांगरटीत पळवलं. शंभू थांबला तवा त्याच्या कुशी भात्यावानी हलत व्हत्या. शेवऱ्या थांबला, चार श्वास घेतले आन् खाली मान घालून धसकटं हुंगाय लागला.

मालक त्याच्या नाकापाशी कान नेऊन उभे ऱ्हायले. लई येळ उभे ऱ्हायले. मग त्यांनी शेवऱ्याभवती चौथी चकर मारली. मी जन्मात त्यांना चौथी चकर मारताना बघितलं नव्हतं.

“पळून आल्यावरबी ह्याचा दम लवकर शांत बसतोय,” ते म्हणले. “ह्या एवढ्याशा अंगाला एवढा दम शोभत न्हाई. काय तरी हाय ह्याच्यात.”

सृष्टी म्हणली, “आज्जा, आम्हाला हेच शिकवून राहिलेत. वशिंड, पोळी, डुरकणं, हे सगळं जनावराला महाग पडतं. पोट भागून वर काही उरलं, तरच ते तिकडं लागतं. अशक्ताला ते परवडत नाही, म्हणून त्या खुणेवर बाकीच्यांचा भरवसा बसतो.”

“मग मी दुसरं काय म्हणून राहिलो? जनावर खोटं बोलत न्हाई.”

“हाव, पण एक हाय. दोघांना खायला सारखं मिळालेलं असलं तरच दोघांची बरोबरी करता येते. एकाला जास्त मिळालं असलं, तर ते वशिंड त्याच्या बळाचं न्हाई, खुराकाचं.” मग ती माझ्याकडं वळली. अगदी सहज. “आज्जी, दूध दोघांना सारखंच व्हतं ना?”

डॉक्टर बघून ऱ्हायले, सृष्टी बघून ऱ्हायली. मालक बघत नव्हते. ते शेवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उत्तराची वाट बघत व्हते. मला तवा बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता, आन् त्या शब्दाचा दंड काय झाला असता? चार दिवस अबोला, गावात थोडं हसू. एवढंच.

“हाव,” मी म्हणले. “दोघांना दोन दोन सड. नेमाप्रमाणं.”

मालकांनी हात काढला. “मग ह्यो आपला नुसता काटक हाय,” ते म्हणले. “शंभू ठेवा. ह्याचा बैल करा.” आन् माझ्याकडं बघून हसले. “घे. कमालनगरनं मारलं बघ मैदान.”

शेवऱ्याला पाडलं. मालकांनी स्वतः त्याची मान गुडघ्याखाली दाबून धरली. डॉक्टरांनी चिमटा लावला. आवाज काही लई न्हाई येत. मी घरात जाऊन च्या टाकला आन् दूध उतू गेलं.

त्या साली पोळ्याला शंभू पुढं चालला. लोक म्हणले, ‘रत्नम्माच्या काशीचा.’ मी ऐकलं. सांगते ना, काही वाटलं न्हाई.

दसऱ्याच्या आसपास लंपी आली. लस यायच्या आधी आमच्या गावात शिरली. पहिली काशी पडली, पण ती सावरली. मग एका दिवशी दोघांच्याबी अंगावर गाठी आल्या, शंभूच्याबी आन् शेवऱ्याच्याबी. एकाच दावणीला, एकाच हवेत. डॉक्टर रोज यायचे, सृष्टी फोनवर सांगायची तसं मी कडुलिंबाच्या पाण्यानं अंग पुसायची, माशा बसू नयेत म्हणून धूर करायची.

शेवऱ्यानं दोन दिवस खाल्लं न्हाई. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून कडब्याची पेंढी ओढून घेतली. आठवड्यात त्याच्या गाठी फुटून वाळायला लागल्या. शंभूचे पाय सुजले. गळ्याची ती पोळी पाण्यानं भरली. वशिंड एका बाजूला कललं. तो डुरकायचा न्हाई, नुसता कण्हायचा. नवव्या दिवशी तो उठला न्हाई.

जेसीबीनं खड्डा केला. मालक वरून माती पडताना बघत उभे व्हते. घरी आल्यावर म्हणले, “एवढं मोठं अंग. आत काहीच नव्हतं व्हय?”

सृष्टीनं फोनवर समजूत घातली. म्हणली, “आज्जा, लंपीचं काही सांगता येत नाही. चांगलं चांगलं जनावरबी गेलं लोकांचं.” मीबी तेच धरून बसले. रोगाचं काय सांगता येतंय, माझा काय संबंध. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मी दिवसातून दहादा स्वतःला हेच सांगायची.

पण मालकांनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात शेवऱ्याला कामाला जुंपलं. त्याच्या जोडीला दोनदा बैल बदलावा लागला, हा काही थकायचा न्हाई. अंगानंबी भरला. मालक बांधावर बसून त्याच्याकडं बघत ऱ्हायचे. एकदा कंधारकडचा श्रीमंत नावाचा शेतकरी आला, गाडीत दोन खोंडं घालून. दहा वर्सांपासून येणारा माणूस. मालक ओट्यावरून उठलेच न्हाईत.

“परत घेऊन जा,” ते म्हणले. “माझी नजर गेली.”

“काय बोलून राहिले अप्पा? चष्मा लागला का?”

“चष्म्यानं येत न्हाई ती. दुसरा कुणीतरी बघ. माझ्या शब्दावर कुणाचं वासरू चिमट्याला देऊ नको.”

श्रीमंत खोंडांना पाणी पाजून परत गेला. त्या राती मालकांनी भाकरीचा चतकोर खाल्ला. मग रोजच तेवढा खाऊ लागले. देवणीच्या बाजाराला जायचं बंद. एक दिवस बोटं मोजत बसले व्हते. मी विचारलं, काय मोजताव? तर म्हणले, “आजवर किती खोंडांना मी न्हाई म्हणलो ते आठवून राहिलो. त्यातली किती शेवऱ्यासारखी असतील? लोकांची घराणी बुडवली मी, रत्ना.”

मला तवा काय झालं ते नीट सांगता येत न्हाई. राग आला. त्यांचा आला, ते एवढे साधे कसे म्हणून. मग माझा आला. माणूस माझ्या डोळ्यांपुढं स्वतःला कुरतडून राहिला, आन् मी त्याच्यापुढं भाकरी सरकवून गप बसते. आयुष्यभर त्यांच्यापाशी एकच गोष्ट व्हती आन् ती मी काढून घेतली व्हती. ती परत देणं माझ्याच हातात व्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गोठ्यात शेवऱ्याला पाणी दाखवत व्हते. मी दारात उभी ऱ्हायले आन् सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला न्हाई. लिंगपूजेचा अर्धा तास, पुढं बांधलेलं वासरू, मागं लावलेला शंभू. सृष्टीला दिलेलं उत्तर. सासूचं बोलणं, पोळा, सगळं. शेवटी म्हणले, “तुमची नजर कुठं गेली न्हाई. तिला मी फसवलं. चौथी चकर मारली तवा तुम्हाला दिसलंच व्हतं, मीच न्हाई म्हणले.”

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हात उगारला असता तरी मी मान पुढं केली असती.

त्यांनी बादली खाली ठेवली. “किती दिवस?”

“सहा महिने.”

“आन् ह्याला किती मिळायचं?”

“एका सडाचं. कधी कधी तेबी न्हाई.”

ते शेवऱ्याकडं वळले आन् त्याच्या पाठीवरून हात फिरवाय लागले. वशिंडावरून, खांद्यावरून, कानामागं. मग मागं गेले, पुढं आले. मी मोजत नव्हते, पण तीनपेक्षा जास्त चकरा झाल्या. त्यांचा चेहरा वर्साभरात पहिल्यांदा जागा झाला. मला वाटलं, सुटले. मी खरं बोलले आन् माणूस परत आला.

“एका सडावर,” ते म्हणले. “एका सडावर हा एवढा वाढला. त्या दिवशी त्या अंगानं पळाला आन् चार श्वासात दम बसवला.” त्यांचा आवाज बारीक झाला. “पन्नास वर्सांत असलं जनावर माझ्या हाताखालून गेलं न्हाई, रत्ना. चंद्रीच्या आईलाबी हे नव्हतं. ज्याला मी जन्मभर हुडकून राहिलो, तो हाच व्हता.”

“मला काहीतरी बोला,” मी म्हणले.

“तुला काय बोलू? मीच त्याची मान दाबून धरली व्हती.”

ते शेवऱ्याच्या वशिंडावर कपाळ टेकवून रडले. मी त्यांना एवढ्या वर्सांत रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तवाबी न्हाई. शेवऱ्या हलला न्हाई. मी जवळ गेले न्हाई. माझा तिथं जवळ जायचा हक्क ऱ्हायला नव्हता.

आता ते बाजाराला जातात. श्रीमंतला निरोप धाडून बोलावून घेतलं, त्याची खोंडं बघून दिली. माणसं पुन्हा येतात, मी च्या करते. माझ्याशी बोलतात, जेवायला वाढ म्हणतात, औषधाची आठवण करतात. चेष्टा तेवढी करत न्हाईत. सृष्टीला आम्ही दोघांनीबी काही सांगितलं न्हाई.

आधी त्यांना वाटायचं, आपली नजर गेली आन् एक बरा खोंड हातून चुकला. आता काय गेलं ते त्यांना नेमकं ठाऊक हाय, आन् ते मी सांगितलं. रोज सकाळी लिंगपूजा झाली की ते गोठ्यात जातात आन् शेवऱ्याकडं बघत उभे ऱ्हातात. ती नजर आता बिलकूल चुकत न्हाई. मी धार काढत असते, आन् माझ्याच्यानं मान वर करवत न्हाई.